सत्तेचाळीस वेळा

मू छिंगहनं इंग्रजी निबंध सत्तेचाळिसाव्यांदा गुण देणाऱ्या यंत्राला दिला. पापणी लवायच्या आत आकडा आला, साडेशहाऐंशी. मघापेक्षा अर्धा गुण जास्त. त्यासाठी तिनं एका साध्या वाक्याचं चांगलं तीन ओळींचं लांबण लावलं होतं.

चीनमधल्या थ्येनश्वेई शहरातल्या त्या अध्यापक महाविद्यालयात एका खोलीतल्या सहाजणी एकमेकींना वयाच्या क्रमानं हाक मारत.

"चौथे, पुरे की गं!" थोरली वरच्या पलंगावरून ओरडली. "गुण म्हणजे काय बटाटे आहेत, खणले की निघायला?"

"निघतायत ना पण!"

इंग्रजी सोडून दुसरा विषय घ्यायचा अर्ज छिंगहच्या उशीखाली भरून तयार होता. मुदत शुक्रवारपर्यंत. आपल्याला इंग्रजी जमतं की नाही, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. इंग्रजीच्या लुआन सरांकडे तपासायला दीडशे वह्या. वर्षभर तिच्या प्रत्येक निबंधाखाली त्यांनी लाल शाईत एकच शब्द लिहिला होता, 'वाचलं', आणि पुढं तारीख. यंत्राला अक्कल बेताचीच, पण विचारलं की बोलायचं तरी.

गुरुवारी सरांनी तिला बोलावून घेतलं. कुणी किती वेळा निबंध दिला, ते सगळ्या मसुद्यांसकट त्यांना पडद्यावर दिसायचं.

"सत्तेचाळीस वेळा? डोकं ठिकाणावर आहे ना, पोरी?"

"सर, ते उत्तर देतं," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

गार झालेला चहा सरांनी तसाच संपवला. मग म्हणाले, "वही ठेवून जा."

शुक्रवारी सकाळी वही परत आली. 'वाचलं'च्या खाली इंग्रजीत चार ओळी होत्या. 'तुझा अगदी पहिला मसुदा शोधून काढला. त्यात वडील गारपिटीनंतर सफरचंदं वेचतात. ते का काढलंस? मी ते घरी बायकोला वाचून दाखवलं.'

छिंगहला रडू आलं. मग सवयीनं तिनं सरांच्या त्या ओळीच यंत्राला देऊन पाहिल्या. एकसष्ट. 'वाक्यं फार साधी आहेत.' ती इतकी हसली, की थोरली पलंगावरून खाली उतरली.

अर्ज फाडून तिनं केराच्या टोपलीत टाकला. वडिलांना सफरचंदांसकट निबंधात परत आणलं आणि अठ्ठेचाळिसाव्यांदा बटण दाबलं. एक्क्याऐंशी. खाली सूचनांची ही मोठी यादी.

तिनं ती शेवटपर्यंत पाहिली.

"वाचलं," ती यंत्राला म्हणाली आणि तारीखही सांगितली.