खालची कोरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लिफ्ट बंद पडली की मला तिच्या दारावर टांगतात. लोखंडी पत्रा आणि त्यावर पांढरी अक्षरं : 'टेम्पररिली बंद'. मला रंगवताना रंगाऱ्याने खाली चार बोटं काळी पट्टी कोरी सोडली आणि रखवालदाराला बजावलं, "टेम्पररिली म्हणजे थोड्या काळापुरतं. किती काळ, ते इथे खडूने लिहायचं. नाहीतर त्या शब्दाला काय अर्थ?"

रखवालदाराने मान हलवली. त्याला लिहिता येत नव्हतं, हे फक्त त्याला आणि त्याच्या खिशातल्या खडूला ठाऊक.

एकदा मिस्त्री म्हणाला, "नऊ दिवस लागतील. लिहून ठेव." मला टांगलं, पट्टी कोरीच. कोणी विचारलं की रखवालदार म्हणायचा, "पाटीवर आहे ना सगळं." जिन्यातल्या वाऱ्याने मी दिवसभर खडखडत राहायचे. पण पाटीची खडखड कोण ऐकतो?

चौथ्या मजल्यावर एक आजी राहत. गुडघे पार गेलेले. त्यांची धाकटी बहीण दूरच्या शहरात मुलाकडे राहायला निघाली होती. तिलाही जिना चढवेना. ती रोज संध्याकाळी खालूनच हाक मारायची.

"ताई, चौघंजण खुर्चीतून आणतील की तुला."

"चौघांनी मला उचलायचं ते एकदाच. पाटी काय म्हणते?"

"टेम्पररिली."

"मग आज-उद्या होईल सुरू. थांबते."

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सकाळी गाडी आली. बहीण कठडा धरून वर बघत राहिली. वर नुसता एक हात दिसत होता. मग गाडी गेली.

लिफ्ट सुरू झाल्यावर आजी थेट रखवालदारापुढे उभ्या राहिल्या. "नऊ दिवस लागणार, हे ठाऊक होतं तुला?"

"लिहिता येत नाही, आजी."

"अरे, कळलं असतं तर पहिल्याच दिवशी खुर्चीत बसले असते."

मग आजींनी त्याच्या खिशातला खडू काढून त्याच्याच हातात दिला. "धर. आधी नऊचा आकडा."

मित्रांनो, 'थोडा वेळ' म्हणाल तेव्हा किती, तेही सांगत जा. वर कोणीतरी वाट बघत असतं.

परवा मी रखवालदाराच्या खोलीत खिळ्याला होते. आजी त्याला अक्षरं शिकवता शिकवता फोनवर बहिणीला म्हणाल्या, "लवकर येते, हे नको सांगूस. तारीख सांग." मग रखवालदाराकडे वळून म्हणाल्या, "लिही." त्याने ती माझ्याच पट्टीवर लिहिली, वेडीवाकडी.

तेव्हापासून मला चैन नाही. फाटक वाजलं की मी खिळ्यावर हलते.