दुपट्ट्याखालचा भाव

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे हे कामरगावात कोणीही सांगेल. मी कधीकाळी नवाकोरा होतो, हे कौतुकाने सांगणारे मात्र दोघेच उरले. एक मी आणि दुसरा माझा ड्रायव्हर भिवाजी. माझं बोलणं कोणाला ऐकू येत नाही आणि भिवाजीला हल्ली कोणी काही विचारत नाही.

माझ्या नंबरात अजून अकोल्याचा आकडा आहे, कारण मी रस्त्यावर आलो तेव्हा आमचा वाशिम जिल्हा वेगळा व्हायचाच होता. यावरून माझं वय काढा आणि जास्त हसू नका. कारखान्यातून मी नुसता सांगाडा म्हणून निघालो. इंजिन, चाकं आणि चेसी. चेसी म्हणजे मधल्या दोन लांब लोखंडी पट्ट्या, माझा पाठीचा कणाच म्हणा. त्यावर अमरावतीच्या सुतारांनी लाकडी बॉडी बांधली आणि गुलाबसिंग मालकांनी मला हार घालून घरी आणलं.

काय दिवस होते ते! कापूस वाहिला, सोयाबीन वाहिलं, संत्री वाहिली. बैलबाजारातून बैल आणले आणि लग्नाची वऱ्हाडंही नेली. 'गुलाबसिंगचा ट्रक म्हणजे घड्याळ,' असं लोक म्हणायचे. खरं तर ते घड्याळ भिवाजीचं होतं. तो सकाळी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझी काच पुसायचा आणि एक पोतंसुद्धा जास्त भरू द्यायचा नाही. हमाल त्याला चिडवायचे, "ट्रक हाये का जावई हाये बे?"

असा हा माणूस एकदाच चुकला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या वस्तीत बुद्धविहाराचं बांधकाम निघालं. गुलाबसिंग मोठ्या मनाने म्हणाले, "ने ट्रक. डिझेल माह्यं. पन एकच खेप हं!" गिट्टी, म्हणजे बांधकामाची खडी, तर दोन खेपांची होती. भिवाजीने ती सगळी माझ्या एकट्याच्या पाठीवर चढवली. मीही फुशारकीने निघालो. नाल्याच्या उतारावर पोटातून कट्ट असा आवाज झाला आणि माझी चेसी तडकली.

भिवाजीने कोणाला काही सांगितलं नाही. कारंज्याला नेऊन पगाराच्या पैशांतून वेल्डिंग करून घेतलं आणि वर काळं ऑइल फासलं. त्यानंतर तो मला हळूहळू, अर्धाच भरून चालवायचा. मालक ओरडायचे, हा ऐकून घ्यायचा. मला त्याचा राग आला नाही, असं म्हणणार नाही. आला होता. पण विहार उभा राहिला, पोरं तिथे अभ्यासाला बसू लागली आणि माझा राग निवला.

पुढे भिवाजीची नजर अधू झाली आणि त्याचं कामही गेलं. पाच वर्षांपासून मी गुलाबसिंगांच्या अंगणात बाभळीखाली उभा आहे. पंप जाम झाला, टायर बसले आणि सीटखाली कोंबडी अंडी घालू लागली. शेवटी मालकांनी भंगारवाल्याला शब्द दिला. सोमवारी तो गॅसकटर घेऊन येणार होता.

आणि शनिवारी गिऱ्हाईक आलं! दिनेश आणि त्याची बायको सुचिता. दोघं वांगी, मेथी, मिरची पिकवतात आणि जीपवाल्याच्या विनवण्या करत बाजाराला नेतात. निम्मी मेथी तर जीपमध्येच चेंगरते. एवढ्या पैशांत नवी गाडी मिळत नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. गुलाबसिंगांनी विक्रीच्या आशेने मला मागेच खालून-वरून निळा रंग मारून घेतला होता. सोबत आणलेल्या मिस्त्रीने दुरुस्तीची यादी सांगितली, तेव्हा दिनेशच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण सुचिताने माझ्या दारावर हात ठेवला तो काढला नाही.

किती द्यावं, हे काही दिनेशला उमगेना. तो जाऊन भिवाजीला घेऊन आला. "बाबा, तुमी याले हयातभर चालवलं. तुमीच भाव ठरवा."

मग बैलबाजारात करतात तसा सौदा सुरू झाला. भिवाजीने माझ्या बोनेटवर दुपट्टा अंथरला. त्याच्याखाली त्याचा आणि गुलाबसिंगांचा हात गेला. तोंडाने कोणी आकडा बोलायचा नाही, बोटं धरून सांगायचा. वरून बघणाऱ्यांना काही दिसलं नाही. पण हात माझ्या अंगावर होते ना, मला सगळं कळत होतं! मालकांनी पाच बोटं दाबली. भिवाजीने तीन. मालक हसले. शेवटी चार बोटांवर दोघे आले. वाचलो, मित्रांनो, वाचलो असं वाटलं मला.

तेवढ्यात सुचिता आनंदाने बोलली, "आता दोन चकरा कायले? एकाच खेपेत सारं भरून नेऊ. म्या समीक्षाले मांडीवर घिऊन समोरच बसत जाईन." समीक्षा म्हणजे तिची तीन वर्षांची पोरगी.

दुपट्ट्याखाली भिवाजीने मालकांची बोटं सोडून दिली. गप राह्य रे बाबा, मी मनातल्या मनात ओरडलो, आज एक दिवस गप राह्य!

त्याने हात बाहेर काढला. "दिनेश, हा ट्रक घिऊ नको."

"काय बोलून राह्यला तू, भिवाजी?" गुलाबसिंग गरजले.

म्हातारा कसाबसा माझ्या खाली वाकला. चाचपून त्याने नेमकी जागा शोधली आणि किल्लीने निळा रंग खरवडला. "हे पाह्य. चेसी तुटेल हाये. म्याच तोडली, इहाराच्या गिट्टीनं. भरून नेला तं एक दिवस मधातून बसन."

"माह्यं मीठ खाल्लं अन् बारा वर्सं मले सांगतलं नाई?"

"नाई सांगतलं, मालक. तुमी कामावून काढलं असतं."

"मंग आज काहून सांगतलं?"

"आज लेकरू बसनार हाये."

मग दिनेशने विचारलं, "पुन्हा वेल्डिंग केलं तं? सांगा ना बाबा, मंग किती द्यावं?"

"भंगाराचा भाव. त्याच्यावर एक रुपया नाई."

सुचिताने माझ्या दारावरचा हात काढून घेतला. दोघं पुन्हा जीप शोधायला रस्त्याकडे गेली. "माह्या आंगनात पुन्हा पाय ठिवू नको," असं भिवाजीला बजावून मालक घरात गेले.

भिवाजी एकटाच राहिला. त्याने पुन्हा बोनेटवर दुपट्टा पसरला, त्याखाली हात घातला आणि पाचही बोटं घट्ट दाबली. मग दुसरा हात घातला आणि तीही पाच दाबली. समोर दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. मग नाक शिंकरून निघून गेला.

आज रविवार आहे. उद्या गॅसकटर येईल. मला कोणी वाचवा, असं म्हणत नाही मी. ती वेळ गेली. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सायकल असेल, बैल असेल, आजोबा असतील. त्यांच्यावर दोन खेपांचं ओझं एका खेपेत टाकू नका. ते नाही म्हणत नाहीत, एवढंच.

आणि कामरगावच्या फाट्यावर चष्मा लावलेला, दुपट्टावाला म्हातारा दिसला, तर एक निरोप द्या. म्हणावं, भिवाजीबाबा, खरं बोललात तेव्हा तो ट्रक तुमच्यावर फार चिडला होता. पण नंतरची दहा बोटं त्याने मोजली. तो भाव त्याला कबूल आहे.