सहावं फडकं

गाडी चालू झाली नाही की दादा एकच वाक्य बोलायचा, "वायरीत खोट असेल." धाकटी लगेच उलटून म्हणायची, "आधी तुझ्या लोखंडात बघ." चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. इंजिन दादाचं, वायरिंग धाकटीचं, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही, हा त्या गॅरेजचा कायदा. धाकटी आता एकसष्टची झाली होती, गुडघे कुरकुरायचे, बारीक वायर बघायला चष्म्यावर भिंग धरावं लागायचं. पण भावाला ती धाकटीच, म्हणून मग सगळ्या गल्लीलाही धाकटीच.

या वेळची गाडी तांबडी, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकून बसणारी. मालक दातांचा डॉक्टर. लोकांना दिवसातून दोनदा दात घासायला सांगणाऱ्या या गृहस्थाला गाडीत पाणी आहे की नाही हे वर्षातून एकदाही बघायला सुचलं नव्हतं. तापून लाल झालेली गाडी त्याने तशीच पिटाळली आणि इंजिनाचं पार वाटोळं करून आणलं. दादाने ते शेवटच्या स्क्रूपर्यंत खोललं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं घालून दोन महिन्यांत परत उभं केलं.

शुक्रवारी सकाळी त्याने किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही. दुसऱ्यांदाही तेच झालं. दादाने किल्ली काढून हातात खुळखुळवली.

"वायरीत खोट असेल."

धाकटी उलटून बोलली नाही. "असेल," म्हणाली, आणि मीटर आणायला वळली.

त्याला कारण होतं. रविवारी भाची यायची होती. दादाची ही एकुलती लेक दूरच्या शहरात राहायची. आई गेल्यापासून बापाला रोज फोन करायची, आणि वर्षभर त्या फोननेच तिला घाबरवलं होतं. बाबा सकाळी सांगितलेलं दुपारी विसरतात, दुपारचं संध्याकाळी. गेल्या महिन्यात शेगडी रिकामीच जळत राहिली. ती त्याला कायमचं घेऊन जायचं म्हणत होती. धाकटीनेच तोंड वर करून सांगितलं होतं, "घरात विसरत असेल गं तो. पण इंजिनाला हात लावला की त्याच्या डोक्यात लख्ख दिवा लागतो. हे इंजिन तू स्वतः येऊन ऐक. सुरू झालं तर त्याला इथंच राहू दे. नाही झालं, तर तू म्हणशील तसं."

"ठीक आहे, आत्या. तुझ्या शब्दावर," भाची म्हणाली होती.

म्हणजे इंजिन रविवारपर्यंत सुरू व्हायला हवं होतं, आणि खोट निघालीच तर ती वायरीत निघायला हवी होती. स्वतःच्या कामात चूक निघावी म्हणून देवाचा धावा करणारी ती जगातली पहिलीच बाई असेल.

तिने प्लग काढले, ठिणगी बघितली. ठिणगी निळी, कडक. पेट्रोलचा पंप गुणगुणत होता. प्लग तर पेट्रोलने न्हालेले. म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल आहे, उलट जरा जास्तच आहे. मग पेट्रोल सोडणाऱ्या वायरी चुकल्या असतील, म्हणून तिने त्या सोडवल्या. दोन महिने खपून गुंडाळलेली टेप नखाने सोलून काढली, एकेक वायर मीटरवर तपासली, परत गुंडाळली. सगळ्या वायरी बरोबर होत्या. शनिवारी तिने त्याच पुन्हा सोडवल्या.

खरं सांगायचं तर तिला शुक्रवारीच कळलं होतं. इंजिन फार हलकं फिरत होतं. धडधाकट इंजिन फिरवताना प्रत्येक सिलेंडरात हवा दाबली जाते आणि स्टार्टरला दर वेळी थोडं कण्हावं लागतं. इथे कण्हणं नव्हतंच, नुसतं गरगरणं. चाळीस वर्षांच्या कानांनी ते ओळखलं होतं. पण हवा दाबणं हा दादाचा प्रांत. तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आणि दादावर अविश्वास दाखवायला जागाच नव्हती. समोर भिंतीवर सहा खिळे होते. इंजिन खोललं की त्याची उघडी तोंडं दादा फडक्यांनी बुजवायचा, आत नट पडू नये म्हणून. फडकी सहाच, एका जुन्या लाल पडद्याची. सहाच्या सहा खिळ्यांवर परत आल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही, हे त्याचं व्रत. एकदा एक फडकं सापडेना म्हणून त्याने तयार इंजिन अख्खं खोललं होतं, आणि फडकं निघालं त्याच्याच खिशात. आत्ता सहाही खिळे भरलेले होते. सहावं तेवढं लाल नव्हतं, निळ्या रेघांचं होतं. तिने विचारलंही होतं. "एक फाटलं, नवं केलं," दादा म्हणाला होता.

शनिवारी दुपारी त्याने तिला चहा आणून दिला. पाच मिनिटांनी परत आणून दिला. तिने दोन्ही प्यायले.

"सापडली का खोट?" त्याने विचारलं.

"सापडेल."

"काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत असते बघ तुझी," तो हसून म्हणाला. तीही हसली.

रविवारी सकाळी दादा खुर्चीत, पाठ तिच्याकडे करून, मान टाकून झोपला होता. भाची बाराला यायची होती. धाकटीने कपाटातून दाब मोजायचं घड्याळ काढलं. आयुष्यात तिने ते कधी हातात धरलं नव्हतं, ते दादाचं होतं. तिने एकेक सिलेंडर मोजला. सहाही ठिकाणी काटा अर्ध्याच्या खाली.

एखादा सिलेंडर आजारी पडतो. सहाही एकदम पडत नाहीत. पण सहाही उपाशी असले तर? इंजिनाला हवा आत घ्यायला मुख्य घसा एकच असतो. तिने दादाचा पाना उचलला, त्या घशावरचे चार बोल्ट सोडवले, वरची झडप बाजूला केली आणि दोन बोटं आत घातली.

बोटांना कापड लागलं. ओढलं तसं ते येत राहिलं. घट्ट बोळा केलेलं, पेट्रोलने भिजलेलं, लाल.

तिने भिंतीकडे बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं. दादाच्या अंगात निळ्या रेघांचा शर्ट होता, लेकीने वाढदिवसाला पाठवलेला. झोपेत तो मागून वर सरकला होता, आणि खुर्चीच्या फटीतून दिसणारं पाठीकडचं टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं. चांगलं वीतभर.

म्हणजे त्याने शोधलं होतं. किती दिवस शोधलं असेल कुणास ठाऊक. सापडलं नाही, आणि इंजिन परत खोलायला गेलं तर धाकटी विचारेल, लेकीला कळेल, म्हणून एकट्याने उभं राहून अंगावरच्या शर्टाचा तुकडा कापून त्याने सहावा खिळा भरला होता. ज्याने आयुष्यभर इंजिनाशी लबाडी केली नाही, त्याला एवढी भीती वाटली होती, आणि शेजारीच बसणाऱ्या बहिणीला पत्ता नव्हता. धाकटी गाडीला टेकून खाली बसली आणि तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून ते ओलं फडकंच तोंडावर धरून रडली.

मग उठली. बोल्ट आवळले, नवे प्लग लावले. लाल फडकं पिळून सहाव्या खिळ्यावर टांगलं, निळं स्वतःच्या खिशात घातलं. भाचीच्या गाडीचा आवाज आला तेव्हा ती दादाला हलवून उठवत होती.

"चल, वायर सापडली. किल्ली तू फिरव."

इंजिन दोनदा कण्हलं आणि पेटलं. काय आवाज तो! पत्रे थरथरले, मांडणीवरचे पाने वाजायला लागले. दादाचा चेहरा उजळला. भाची दारातच थांबून ऐकत होती, आणि मग तिने बापाच्या काळ्या हातांची पर्वा न करता त्याला मिठी मारली.

"आत्या, तू म्हणालीस ते खरं," ती डोळे पुसत म्हणाली. "मी उगाच घाबरले. राहू देत बाबा इथंच."

दादाने इंजिन बंद केलं. सवयीने भिंतीकडे बघितलं, फडकी मोजली. सहावं फडकं खाली काढलं, नाकाशी धरलं. त्याला पेट्रोलचा वास होता.

"कुठं होतं?" त्याने विचारलं.

"बाकाखाली," धाकटी म्हणाली.

"बाकाखाली मी चारदा बघितलंय."

धाकटी मांडणीवरचे पाने सारखे करायला लागली.

"पोरी," तो लेकीला म्हणाला, "हे मी आत विसरलो होतो. वायरीत खोट नव्हती. तुझी आत्या माझ्यासाठी खोटं बोलतेय, आणि तिला ते जमत नाही."

"दादा, एक फडकं राहिलं. कुणाचंही राहतं."

"आज फडकं राहिलं. उद्या ब्रेकचा बोल्ट राहील. त्या दातवाल्याला दोन लहान मुलं आहेत." तो खाली बघत होता. "मी जातो हिच्याबरोबर. आत्ता कळतंय तोवर जातो."

धाकटी भांडली. चाळीस वर्षांत भांडली नव्हती इतकी भांडली. इंजिन तूच कर, शेवटी मी तपासत जाईन, म्हणाली. आपण बारीकसारीकच कामं घेऊ, म्हणाली. मला एकटीला हे गॅरेज खायला उठेल, हेही म्हणाली. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. सोमवारी सकाळी तिने स्वतःच त्याची बॅग भरली. कापलेला शर्ट भाचीने बाजूला टाकला होता, तो धाकटीने घडी घालून तळाशी ठेवला.

निघताना दादा लेकीच्या गाडीत पुढे बसला. काच खाली करून त्याने गॅरेजकडे बघितलं. तांबडी गाडी दारात उभी होती, डॉक्टर दुपारी न्यायला येणार होता.

"अगं धाकटे," दादा म्हणाला, "ती चालू झाली का शेवटी?"

भाचीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"झाली की," धाकटी म्हणाली.

"काय होतं?"

तिचा हात खिशातल्या निळ्या तुकड्यावर होता. या वेळी तिला नीट खोटं बोलता आलं.

"वायरीत खोट होती, दादा."

"मी म्हणालोच होतो," दादा म्हणाला, आणि खूश होऊन त्याने काच वर केली.