निळ्या रंगाखालची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बघून तुम्हाला कळणार नाही. परवाच मला निळाशार रंग दिलाय. सगळा घोळ तिथेच झालाय.

मी सुताराच्या हातची, पण आयुष्य काढलं रंगाऱ्याच्या घरात. भिंती रंगवणं हे या घरचं पिढीजात काम. घरातले म्हणतात म्हणून मीही मालकांना बाबाच म्हणते. बाबा रोज सकाळी बोटाच्या पेराने माझी एकेक पायरी वाजवून बघत आणि मगच पाय ठेवत. मला तेल पाजत, रंग मात्र कधी लावला नाही. "शिडीला रंग लावला की तिची दुखणी झाकली जातात," असं म्हणत. दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला आणि घरची शिडी उघडी, म्हणून लोक हसत. हसोत बापडे!

रंगकाम नसलं तरी मला उसंत नव्हती. कोणाचा दिवा बदल, कोणाचं मांजर उतरव. एकदा तर आजारी माणसाला माझ्यावर आडवं घालून दवाखान्यात नेलं.

मग धाकटा, म्हणजे बाबांचा मुलगा, हाताखाली आला. पहिल्याच भिंतीवर रंगाचे ओघळ आले. बाबांनी चारचौघांत ब्रश हिसकावला. "तुझ्या हाताला वळणच नाही!" पोरगं तडक घर सोडून गेलं. गोदामावर पहारा दिला, हॉटेलात टेबलं पुसली, टेम्पो चालवला. कुठे म्हणून बूड टेकलं नाही. इकडे बाबांची नजर गेली. मी परसात पडून राहिले, माझ्यावर कपडे वाळत घातले जाऊ लागले. एक दिवस शेजाऱ्याने मला ओट्याला आडवी टेकवून माझ्यावरून मोटरसायकल चढवली. माझी सहावी पायरी आतून तडकली. कोणाला पत्ताही लागला नाही.

गेल्या महिन्यात धाकटा बायकोला घेऊन परत आला. "बाबा, आपलंच काम करतो आता." म्हातारा त्या दिवशी पोटभर जेवला. आणि परवा धाकट्याने मोठ्या हौसेने मला रंगवलं. रंगाऱ्याचंच पोर ते, दुसरं काय सुचणार! तडा बुजला.

आज पहिलं काम. दोन मजली भिंत, खाली दगडी फरशी. सूनबाई माझे पाय धरून उभी आहे. बाबांना खुर्चीवर बसवलंय.

"बाबा, बघा तरी शिडी कशी झालीय!"

बाबांचा हात माझ्यावरून फिरला आणि गुळगुळीत रंगावर थबकला. बोटं वाजवायला वळलीसुद्धा. माझ्या जिवात जीव आला. पण आजूबाजूला माणसं होती, आणि धाकटा लहान मुलासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बाबांनी बोटं मिटून घेतली.

"झकास झालीय," ते म्हणाले.

तो चढतोय. एका हातात बादली आहे. मी जिवाच्या आकांताने करकरतेय, तर तो हसतोय. "म्हातारी कुरकुरायला लागली बघा!"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला नका जपू. तोडा, बंबात घाला, माझं काही म्हणणं नाही. पण कोणीतरी त्या खुर्चीतल्या माणसाला हलवा हो! रंगाखाली दुखणं असू शकतं, हे त्याला ठाऊक आहे. पोरगं पुन्हा दुखावेल, पुन्हा निघून जाईल, एवढ्याच भीतीने तो ओठ आवळून बसलाय.

चौथी झाली. पाचवीवर पाय आलाय.

बाबा, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. ओरडा! रागावून गेला, तरी तो स्वतःच्या पायांनी जाईल.