काठी उचलायची नाही

सोमवारी ऑर्विनची लेक त्याला कायमचं अ‍ॅरिझोनाला न्यायला येणार होती. तिकडे ऊन आहे, डॉक्टर आहेत, फक्त नदी नाही. मोंटानातला हा शेवटचा शनिवार, आणि पडलेल्या कॉटनवुडच्या खोडाखाली राहणारा तो तपकिरी ट्राउट मासा अजून पाण्यातच होता. सहा वर्षांत तो ऑर्विनच्या हातून तीनदा निसटला होता. तिन्ही वेळा चूक एकच.

ऑर्विनचं आयुष्य गळाला बांधलेल्या पिसांच्या इवल्या खोट्या माश्या पाण्यावर तरंगवण्यात गेलं. तिथे मासा माशी घेतो, माणूस हळूच काठी उचलतो. सगळा सभ्य कारभार. हा ट्राउट मात्र फक्त स्ट्रीमरला भुलायचा. स्ट्रीमर म्हणजे गळावरचं बोटभर लांबीचं, पिसाकेसांचं माशाचं खोटं पिल्लू. ते काठाला चिकटून फेकायचं, काठीचं टोक पाण्याकडे ठेवायचं आणि हाताने दोरी झटक्याझटक्याने ओढायची. पिल्लू घाबरून पळतंय असं मोठ्या माशाला वाटलं पाहिजे. तो चावला की दोरीच जोरात ओढायची. काठी उचलली, की पिल्लू त्याच्या तोंडातून निघून थेट आभाळात.

ऑर्विन आणि मी, आमच्या दोघांच्या होडीचा नियम साधा होता. एकाने वल्हवायचं, एकाने फेकायचं. मासा मिळाला किंवा हुकला, की जागा बदलायची.

त्या दिवशी ऑर्विनला काही सुचत नव्हतं. तासाभरात त्याने चार पिल्लं बदलली. काळं, शेवाळी, पिवळं, पुन्हा काळं.

"अरे, माशाला बघू तरी दे," मी म्हणालो.

"तू वल्हव. पत्रकाराला कोणी विचारलं?"

"निवृत्त पत्रकार."

"म्हणजे तर कोणीच विचारत नाही."

"काठी खाली."

"खालीच आहे."

कॉटनवुड आलं. मी उलटी वल्ही मारत होडी धरून ठेवली. तिसऱ्या फेकीला खोडाखालून एक पिवळट सावली निघाली.

"थांबू नकोस, पळव त्याला," मी पुटपुटलो.

ऑर्विनने पळवलं. पांढरं तोंड उघडलं, आणि ऑर्विनने काठी उचलली. पिल्लू येऊन माझ्या टोपीत रुतलं.

"बोल ना," तो म्हणाला.

"मी कुठे काय बोललो?"

"ऊठ. तुझी पाळी."

"आजच्या दिवस राहू दे रे."

"नियम आहे. माझी कीव केलीस, तर पोहत घरी जाईन."

ऑर्विनला पोहता येत नाही. म्हणून मी पुढे जाऊन उभा राहिलो. काठालगतच्या संथ पाण्यातून त्याने होडी वर नेली, मासा शांत व्हावा म्हणून दहा मिनिटं वल्ह्यांशी चाळा करत बसला, मग पुन्हा खाली सोडली.

इथे कबूल करायला हवं, की मैत्रीचा विचार माझ्या मनात नव्हता. तो मासा मलाही सहा वर्षं हवा होता. ऑर्विनचं सांत्वन कसं करायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती.

दुसऱ्याच फेकीला सावली निघाली. तोंड उघडलं. आणि सकाळपासून 'काठी खाली' म्हणून ओरडणाऱ्या मी काठी उचलली.

पिल्लू काठावरच्या गवतात जाऊन पडलं.

"वेंडेल," तो हळू आवाजात म्हणाला, "मुद्दाम केलंस ना?"

मी गवतातलं पिल्लू सोडवायला दोरी ओढू लागलो.

"तीस वर्षांत तुला काठी उचलताना पाहिलं नाही मी."

"वल्ही दे इकडे," मी म्हणालो. "नियम आहे."

मी होडी पुन्हा वर नेऊन खाली सोडली, तोवर पिल्लाची गाठ त्याच्या हातून तीनदा सुटली. मग त्याने पिल्लू फेकलं, काठी काखेत घट्ट दाबली आणि दोन्ही हातांनी दोरी ओढायला लागला. उचलायला हात शिल्लकच ठेवला नाही. पाणी फुटलं, दोरी ताणली, आणि या वेळी ती ताणलेलीच राहिली.

हातभर लांब मासा, पोट लोण्यासारखं पिवळं. जाळ्यातच त्याच्याकडे थोडा वेळ पाहून ऑर्विनने त्याला सोडून दिलं.

"तू काय केलंस ते मी तिकडे सगळ्यांना सांगणार," तो नाक पुसत म्हणाला.

"नको रे, कशाला," मी म्हणालो. याहून जास्त विरोध मला जमला नाही.

नाताळला त्याच्या लेकीने पाठवलेला स्वेटर आला. सोबत चिठ्ठी: 'वेंडेलकाका, इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.'

स्वेटर मला दोन मापं मोठा होतो. मी घालतो.