सगळ्या तारा निळ्या

हर्षदीपनं त्या गाडीत सगळ्याच्या सगळ्या तारा निळ्या टाकल्या, तिथंच माशी शिंकली. आज आदिलाबादेत जो तो म्हणतो, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. काही वाटलं नव्हतं कोणाला. चार-चार जण येऊन बॉनेटखाली वाकून बघत होते आणि वाहवा करून चहा पिऊन जात होते. टोकलं ते एकट्या साक्षीनं, त्याच्या बायकोनं. ती म्हणाली, "अवो, सगळ्या एकाच रंगाच्या टाकून राह्यले, मंग कोनती कोनाची हे कसं कळन?" तर हा गडी कपाळावर बोट ठेवून म्हणाला, "नकाशा इथं हाय." झालं. 

तसा तो कच्चा नव्हता. स्टेशन रोडवर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, अर्ध्या जिल्ह्याच्या जीपा आणि ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून गेलेले. जुन्या गाडीत तपकिरी तार बॅटरीची, पांढरी चावीची, निळी फक्त पुढच्या मोठ्या दिव्यांची, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. गिऱ्हाइकाच्या गाडीत त्यानं कधी रंग चुकवला नाही. पण ही गाडी गिऱ्हाइकाची नव्हती. ही चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणार होती, आणि तिच्या मागच्या सीटवर त्याची माय बसणार होती. मग निळ्याशिवाय दुसरा रंग त्याच्या हाताला लागेचना. माणूस हौसेपायी असा आंधळा होतो.

मायचं त्या सीटशी जुनं होतं. गाडी मूळची तलमडुगूच्या भगवंतरावाची, कापसाच्या व्यापाऱ्याची. फुगीर पाठीची पांढरी अँबेसेडर. हर्षदीपचा बाप रामाजी त्याच्याकडं सालगडी होता. बॅटरी कायम बसलेली, म्हणून रोज सकाळी रामाजीनं धक्का द्यायचा आणि गाडी सुटली की मागं धूर खात उभं राहायचं. एकदा बाजाराच्या दिवशी गाडी नाल्यात फसली. रामाजीनं कमरेएवढ्या गाळात उतरून ती बाहेर काढली. अंगात हीव भरलेलं पाहून ड्रायव्हर म्हणाला, बस मागं, बाजारापर्यंत सोडतो. बाजारात भगवंतराव उभाच होता. भरल्या बाजारात तो एवढंच म्हणाला, "उतर." रामाजी उतरला, आणि उतरताना आपल्याच धोतराच्या सोग्यानं सीट पुसून उतरला. त्याची बायको, म्हणजे हर्षदीपची माय द्वारकाबाई, डोक्यावर पाटी घेऊन तिथंच होती. नवऱ्यानं सीट पुसलेली तिनं पाहिली. रामाजी जिवंत असेपर्यंत दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

भगवंतरावाच्या नातवानं गाडी भंगारात काढली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. हर्षदीपनं ती उचलून आणली. पत्रा ठोकला, इंजिन खोललं, उंदरांनी कुरतडलेल्या तारांचा गुंता ओढून फेकला. आणि मायला शब्द दिला, "विहारापासून पुतळ्यापर्यंत तू मागच्या सीटवर बसून जाशीन. अन् धक्का माराले या गाडीले कोनाचा हात लागनार नाई. आपल्या पायानं चालन ते." माय हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सीटचं नवं कापड मात्र तिनं स्वतः जाऊन निवडलं.

जयंतीच्या दिवशी ऊन असं, की पत्र्याला हात लावावा आणि झटकन काढावा. विहारासमोर गाडी उभी. टपावर दोन भोंगे, त्यांचा अॅम्प्लिफायर मागं डिकीत. अॅम्प्लिफायरला बॅटरीवरून तार पाहिजे होती. हर्षदीपनं याच कामासाठी एक जाड तार आधीपासून डिकीपर्यंत नेऊन ठेवली होती. तो डिकीत वाकला. निळा जुडगा हातात घेतला. मागून लोक चला-चला करून राहिलेले, घाम डोळ्यांत उतरलेला, आणि हातात सगळ्या निळ्याच. एक ओढली, जोडली. भोंगा वाजला आणि लगेच गप्प झाला. फ्यूज उडाला होता. त्यानं बॉनेटखाली जाऊन दुसरा टाकला. तोही उडाला.

इथं शहाण्यानं थांबायचं असतं. फ्यूज उडतो म्हणजे गाडी सांगत असते की बाबा, काहीतरी चुकलंय. हे हर्षदीप स्वतः गिऱ्हाइकांना शिव्या देऊन सांगतो. आणि त्यानंच त्या दिवशी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली, बॉनेट लावलं, हात पुसले. आता काही उडणार नव्हतं. जाड तार डिकीत तशीच पडून राहिली, आणि भोंग्यांचा सगळा भार डिकीतल्या इवल्याशा दिव्याच्या बारीक तारेवर पडला.

मग बॉनेटवर फुलांच्या आराशीत बाबासाहेबांचा मोठा फोटो चढला. धम्मपालमामानं तो चहूबाजूंनी दोऱ्यांनी आवळला. धम्मपाल म्हणजे द्वारकाबाईचा धाकटा भाऊ, शाळेत मास्तर आणि जयंती समितीचा अध्यक्ष. त्यानं मारलेली गाठ त्याच्याशिवाय कोणाच्या बापाला सुटायची नाही. द्वारकाबाई पांढरं लुगडं नेसून मागं बसली, दोन्ही पाय जुळवून, पाठ ताठ. मिरवणूक निघाली.

गाडी झकास चालली. माणसाच्या चालीनं, कुठं धक्का नाही, कुठं अडखळणं नाही. पाहणारे बोट दाखवत होते आणि हर्षदीपची छाती फुगत होती. बाजारपेठेच्या तोंडाशी गर्दी दाटली, आणि तिथं त्याला वास आला. तार जळल्याचा. हा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. आधी त्यानं मनाला समजावलं, फटाके असतील. मग आरशात पाहिलं. मायच्या पायांजवळच्या चटईखालून धुराची बारीक रेघ वर येत होती, आणि माय समोर बघत बसली होती.

त्यानं ब्रेक मारला, चावी फिरवली. इंजिन बंद पडलं, भोंगे वाजतच राहिले. तो धावत मागं गेला आणि डिकीतून अॅम्प्लिफायरची तार उपटली. गाणं तुटलं.  धूर मात्र थांबला नाही, उलट वाढला. तारेवरचं प्लास्टिक वितळून ती पत्र्याला टेकली होती. आता तिला ना चावी लागत होती, ना अॅम्प्लिफायर. बॅटरीतलं होतं नव्हतं ते सगळं तिच्यातून वाहत होतं, आणि तांब्याचा तो तुकडा इमानेइतबारे वाहू देत होता. पेट्रोलची टाकी मायच्या पाठीमागं, हातभर अंतरावर. 

त्यानं मागचं दार उघडलं. "माय, उतर."

शब्द तोंडातून गेला आणि त्याला कळलं आपण काय बोललो. द्वारकाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"मी उतरत नाई."

"माय, आग लागून राह्यली."

"दिसते मले."

"मंग? हात दे."

"या गाडीतून उतर म्हनल्यावर एक मानूस उतरला," ती म्हणाली. आवाज चढलेला नाही, रोज बोलते तसाच. "दुसरं नाई उतरनार. तू तुहं काम कर."

साक्षी गर्दी कापत आली. तिनं दुसऱ्या दारानं आत शिरून सासूचा हात धरला, ओढून पाहिलं. म्हातारीनं पुढच्या सीटची दांडी अशी गच्च धरलेली, की बोटं पांढरी पडली. साक्षीनं ओळखलं. ती सासूशेजारी बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी तार पाहा. मी इथंच हावो." आता आत दोघी झाल्या.

कोणीतरी पाणपोईवरून घागर आणली. हर्षदीपनं त्याचा हात धरला, "पानी नाई. वायर जिवंत हाय." बंदोबस्ताचा पोलीस तेलुगूत ओरडत होता, गाडी पक्ककु पेट्टु, बाजूला घे. बाजूला घ्यायला जागा कुठं होती? चारी बाजूंनी माणसं, दुकानांच्या पायऱ्यांवर बायका, खांद्यावर लेकरं. गाडी पेटली असती तर एकट्या मायपुरती पेटली नसती.

त्यानं दाराखालची पट्टी उचकटली. आत तारांचा जुडगा, वरून फुगलेला, बुडबुडे येत असलेला. पक्कड हातात. कोणती? तपकिरी असती तर डोळे मिटून कापली असती. इथं सगळ्या निळ्या, वर काजळलेल्या. डोक्यातला नकाशा आठवायला गेला तर डोकं कोरं. एक कापली, काही नाही. दुसरी कापली, काही नाही. तिसरीला पक्कड लावली तशी ठिणगी उडाली. पाठीमागं टाकी होती. त्यानं पक्कड मागं घेतली. तोवर पुढं डॅशबोर्डखालूनही धूर निघाला. तार मागपासून पुढपर्यंत सगळीच तापली होती, मधे कुठं कापून भागणार नव्हतं. रडू यायला लागलं त्याला, आणि रडायला वेळ नव्हता.

फ्यूजचा डबा बॉनेटखाली, बॅटरी बॉनेटखाली, आणि बॉनेटवर बाबासाहेब.

तो पुढं धावला. "मामा, फोटो उतरवा. बॉनेट उघडाचं हाय."

धम्मपाल जागचा हलला नाही. "भर मिरवणुकीत फोटो खाली ठेवू? इथं, रस्त्यावर? काय बोलून राह्यला तू? लोक काय म्हनतील."

हर्षदीपनं पक्कड दोरीला लावली. तशी दोन-चार पोरं पुढं आली, एकानं त्याचं मनगट धरलं. त्यांना आत काय जळतंय ते दिसत नव्हतं, हा फोटोची दोरी कापतोय एवढंच दिसत होतं. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. हर्षदीपनं हात सोडवायची खटपट केली, जमली नाही. मागून खोकल्याचा आवाज आला, आणि मग द्वारकाबाईचा.

"धम्मा. खाली काऊन ठेवतं? त्याइले इकडं दे. माह्या मांडीवर."

धम्मपाल दारापर्यंत आला, धुरात बसलेल्या बहिणीकडं पाहिलं. तिनं दांडी सोडून दोन्ही हात पुढं केले होते.  जळत्या गाडीत फोटो द्यायचा म्हणजे हा पोरगा आग विझवणारच, याची हमी घ्यायची. त्यानं भाच्याकडं पाहिलं. "हर्षा, विझन का?"

"बॅटरी सुटली का विझन."

"पक्कं?"

"मामा, माय हाय आत."

धम्मपालनं गाठी सोडवल्या. त्याच्याच गाठी, त्यालाच सुटेनात. शेवटची त्यानं दातानं ओढली. ज्यानं मनगट धरलं होतं त्याच पोरानं फोटोची एक बाजू उचलली, फोटो दारातून आत गेला आणि द्वारकाबाईच्या मांडीवर टेकला. तिनं पदरानं काचेवरची राख टिपली.

बॉनेट उघडलं. बॅटरीची कडी नवी, त्यानंच ताकदीनं आवळलेली. पान्हा दुकानात राहिला होता. पक्कड घसरली, पुन्हा घसरली. मग त्यानं कडी उघड्या हातानं धरली आणि पिळली. ती तव्यासारखी तापली होती. तळव्याची कातडी चिकटली, त्यानं सोडलं नाही. कडी हलली, फिरली, निघाली.

धूर लगेच थांबला नाही, पण वाढायचा थांबला. मग विरळ झाला, मग नुसता वास राहिला. हर्षदीप बंपरला टेकून रस्त्यावरच बसला. गर्दीतून कोणीतरी जयभीम म्हणालं आणि ते पार मागपर्यंत गेलं.

पण गाडी मेली होती, आणि पुतळा अजून लांब. पोरांनी न सांगता मागून हात लावले. हर्षदीप उठला, "थांबा. ढकलू नोका." सगळे बघायला लागले. तो मायच्या खिडकीशी गेला. "माय, मी शब्द देल्ला होता. कोनाचा हात लागनार नाई म्हनून."

"ढकलू दे," द्वारकाबाई म्हणाली. "तुह्या बापानं ढकलली तवा आत भगवंतराव होता. आज आत कोन हाय, ते पाह्य अन् मंग बोल."

हर्षदीपनं पाहिलं. मग तो मागं गेला, पोरांच्या मधे जागा केली आणि जिथं त्याच्या बापाचा खांदा लागायचा तिथं आपला लावला. सुकाणू धम्मपालमामानं धरलं. ते त्याला येत नव्हतं, त्यामुळं गाडी रस्ताभर वाकडीतिकडी गेली.

पुतळ्यापाशी हर्षदीपनं दार उघडलं. तो शब्द त्याच्यानं पुन्हा म्हणवेना, म्हणून दार धरून नुसता उभा राहिला. द्वारकाबाई जरा वेळ तशीच बसली.  मग तिनं फोटो भावाच्या हाती दिला, आणि आपल्या मनानं एक पाय खाली टाकला.

तेव्हा त्याला दिसलं. लुगड्याचा काठ करपून वर वळलेला, आणि घोट्यापासून वर टम्म फोड आलेला. ती इतका वेळ त्या तारेवर पाय ठेवून बसली होती.

"माय, पाय वर काऊन नाई घेतला?"

"वर घेतला असता तं साऱ्याइले वाटलं असतं, बुढी उतराले निघाली."

साक्षीच्या खांद्यावर हात ठेवून ती लंगडत पुतळ्याकडं गेली. सीटकडं तिनं वळूनही पाहिलं नाही. सीटवर राख होती, चुरगळलेली फुलं होती, तिच्या बसण्याचा खळगा होता. हर्षदीपचा हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडं गेला, गिऱ्हाइकाला गाडी देताना जातो तसा. तो तिथंच थांबला.

निळ्या तारा त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या उपटून काढल्या, पुढच्या दिव्यांच्या तेवढ्या ठेवल्या. सीट मात्र पुसली नाही.