झडतीचा कोट

"तुम्ही मला धरून आणलंय आणि का ते सांगत नाही. हा गुन्हा तुमचा आहे, माझा नाही," चष्मेवाली म्हणाली, आणि साहेबाने पुढे सरकवलेला पाण्याचा ग्लास तिने टेबलावरून परत त्याच्याकडे ढकलला.

साहेब ग्लास उचलून ते पाणी स्वतःच प्यायला.

"संशय आहे," तो म्हणाला.

"कसला?"

"ते झडतीत कळेल."

"म्हणजे आधी झडती आणि मग संशय? माणसाला पकडलं तर कारण सांगावं लागतं. घटनेत लिहिलंय तसं."

"बाई, घटना पुस्तकात असते. इथे घटना घडतात."

कोपऱ्यातला हवालदार हसला. हा विनोद त्याने पूर्वीही ऐकला असावा, कारण तो जरा आधीच हसला.

चष्मेवालीला भर दुपारी चौकात अडवलं होतं. आपल्या चष्म्यांच्या दुकानात परत निघालेली बाई. तिच्या स्कूटरची डिकी रस्त्यावर पालथी केली. त्यातून निघाले बारीक स्क्रू, एक पेचकस आणि दुरुस्तीला आलेल्या दोन फ्रेमी. संशय घ्यावा असं काहीच नाही. तरी तिला इथे आणलं. आठवड्यापूर्वी तिच्या दुकानासमोर याच साहेबाने एका पाववाल्याला थांबवून त्याच्या पिशव्या उपसल्या होत्या. पाववाल्याने "का" एवढंच विचारलं, तर साहेबाने त्याचा हात पाठीमागे नेला आणि मोडला. तिने ते दुकानाच्या काचेआडून पाहिलं होतं आणि उद्या ती ते न्यायाधीशासमोर सांगणार होती. चौकीतल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकाच बाईला, आणि ती त्या वेळी मागचा जिना पुसत होती.

"मावशीला बोलव," साहेब म्हणाला.

बाईची झडती बाईनेच घ्यायची असा कायदा आहे. त्या कामासाठी नेमलेली बाई पोलीस शेजारच्या चौकीत होती. एका फोनवर आली असती. पण फोन कोणाला करायचा होता? इथे झाडलोट करणारी मावशी होती, खुंटीवर वर्दीचा एक कोट होता, आणि कोट घातला की मावशीसुद्धा कायदा होत होती.

मावशी ओले हात पुसत आली. साहेब स्वतः उठला. त्याने कोट खुंटीवरून काढला आणि सासूबाईंना द्यावा तशा अदबीने तिच्या अंगावर चढवला.

"काही सापडलं की खिशात टाकायचं. बाहेर येऊन सगळ्यांसमोर टेबलावर ओतायचं. नेहमीसारखं."

"माहितंय हो, साहेब. पहिल्यांदा करतेय का मी?"

भिंतीलगतच्या बाकावर दोन साक्षीदार बसले होते, समोरचा सायकलवाला आणि त्याच्या शेजारचा झेरॉक्सवाला. चौकीला साक्षीदार लागले की या दोघांनाच हाक जायची. सायकलवाला हातातला पानासुद्धा खाली न ठेवता आला होता.

झडतीची खोली म्हणजे मावशीचीच खोली. तिथे बादल्या, झाडू, फिनेलचा वास, एक बेसिन आणि हात पोचणार नाही इतक्या उंचीवर खिडकी. मावशीने आतून कडी घातली.

"हात वर करा, ताई. घाबरू नका, मी काय कोणाला ओरबाडत नाही."

"आधी तुमची."

"माझी काय?"

"झडती. माझ्या अंगाला हात लावण्याआधी तुम्ही आत काय घेऊन आलात ते मला दिसलं पाहिजे. तेवढा हक्क आहे मला."

मावशीचे हात वरच्या वर थांबले. "या चौकीत माझे केस पिकले. साहेब लोकांची घड्याळं, अंगठ्या, सगळं माझ्यासमोर पडलेलं असतं. आजवर कोणी माझ्याकडे वाकडं बघितलं नाही. आणि तुम्ही मला चोर म्हणता?"

"चोर म्हणत नाही, मावशी. खिसे दाखवा म्हणते. तुम्हाला आत्ता जसं लागलं ना, तसं मला दुपारपासून लागतंय."

"घ्या. डोळे भरून बघा. चष्मा लावून बघा."

तिने रागाने डावा खिसा ओढून उलटा केला. त्यातून थोडा केर पडला. मग उजव्या खिशात हात घातला, आणि तो तिथेच राहिला.

बाहेर आला तेव्हा तिच्या चिमटीत एक पुडी होती. प्लास्टिकची, घट्ट गुंडाळलेली, वर लाल रबर. आत पांढरं काहीतरी.



"ही माझी नाही," मावशी म्हणाली.

"मला माहितंय."

"मी खिशात हातसुद्धा घातला नव्हता. साहेबांनी कोट काढून..."

पुढचं वाक्य तिच्याच्याने होईना. ती लाल रबराकडे बघत राहिली. असं लाल रबर तिने पाहिलेलं होतं. कोपऱ्यावरच्या फुलवालीची सून. मावशीने याच खोलीत तिची झडती घेतली होती. एक कंगवा, एक किल्ली आणि घरच्या लेकराचा मोजा, एवढंच तिच्याकडे निघालं. ते मावशीने कोटाच्या खिशात टाकलं, आणि टेबलावर ओतलं तेव्हा त्यासोबत एक पुडी पडली. हे माझं नाही, माझं नाही, असं ती पोरगी म्हणत राहिली. घाईत आपल्या लक्षात आलं नसेल, असं मावशीला वाटलं. "हिच्याकडूनच घेतलंस ना?" साहेबाने विचारलं. मावशीने मान डोलावली. त्या कोपऱ्यावर हल्ली दुसरीच बाई बसते.

दारावर थाप पडली.

"मावशी, झोप लागली का आत?" हवालदाराचा आवाज.

"आलेच," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "ताई, बेसिनमध्ये सोडून देते. नळ सोडला की गेली. तुम्ही सुटाल, मी पण सुटेन."

चष्मेवालीने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. "मी तिला हात लावणार नाही. आणि टाका, ठेवा, काही सांगणार पण नाही."

"माझी राहायची खोली याच चौकीच्या मागे आहे. उद्या माझी भांडीकुंडी रस्त्यावर येतील. सांगायला तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. म्हणूनच सांगत नाही."

मावशीने नळ सोडला. पाणी बेसिनवर आपटत राहिलं. ती पुडी धारेखाली न्यायला वाकली, वाकलेलीच राहिली. मग दुसऱ्या हाताने नळ बंद केला. वळली आणि चष्मेवालीची झडती घेतली. नीट घेतली, वरपासून खालपर्यंत, शिवणन् शिवण चाचपून. एक रुमाल आणि दुकानाची किल्ली निघाली. या दोन्ही वस्तू तिने खिशात टाकल्या नाहीत.

बाहेर साहेबाने टेबल मोकळं करून ठेवलं होतं. साक्षीदार उठून उभे राहिले.

"चला, ओत," साहेब म्हणाला.

"हे ताईंचं." मावशीने रुमाल आणि किल्ली टेबलावर ठेवली. मग दुसरी मूठ उघडली. "आणि हे कोटातलं. ताईंच्या अंगाला माझा हात लागायच्या आधीपासून कोटात होतं."

हवालदाराने हसायला तोंड उघडलं आणि साहेबाकडे बघून मिटलं.

"मावशी, घोळ झालाय तुझा," साहेब अगदी प्रेमाने म्हणाला. "वय झालं आता. हिच्याकडे सापडलं, तू खिशात टाकलंस आणि विसरलीस. हो की नाही?"

"वय झालंय," मावशी म्हणाली. तिने कोट अंगावरून काढला आणि टेबलावर पसरला. दोन्ही खिसे बाहेर लोंबत होते. "पण विसरले नाही. आत्ताच तर आठवलं."

झेरॉक्सवाला पुडीवर वाकला. लाल रबराकडे बघून त्याने सायकलवाल्याकडे पाहिलं. सायकलवाल्याने हातातला पाना बाकावर ठेवला.

"मागच्या वेळीही तुम्ही दोघंच होतात," मावशी त्यांना म्हणाली. दोघांपैकी कोणीच नाही म्हटलं नाही.

साहेबाने पुडीकडे हात नेला. चष्मेवालीने आपला रुमाल उचलला आणि पुडीवर टाकला. हात हवेत राहिला.

साहेबासमोरची खुर्ची रिकामी होती. ती मावशी रोज पुसायची. आज तिने ती ओढली आणि तिच्यावर बसली.

"फुलवालीच्या सुनेची पुडी कुठून आली होती, साहेब?"

साहेब हवालदाराकडे बघू लागला.

"त्याच्याकडे काय बघता? मी विचारतेय. सांगा."